पान उलटणारं भूत

धाकटीला भुताचं काम मिळालं ते वशिल्यानं नाही, तिच्या अंगच्या गुणावर मिळालं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मागाहून लोकांनी नाही नाही ते बोलायला सुरुवात केली म्हणून सांगायचं.

त्याचं झालं असं, की दिग्दर्शक ताईला भेटायला आला होता. दिग्दर्शक म्हणजे तसा लग्नांचे व्हिडिओ काढणारा माणूस, पण आयुष्यात एक तरी भुताचा सिनेमा काढायचाच, हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलेलं. त्याच्या गोष्टीत पियानो वाजवणारी एक बाई होती आणि तिला छळणारं एक भूत होतं. आता वाजवण्याचं सोंग करणारी नटी आणायची, खरं वाजवणारी वेगळी आणायची, मग दोघींचे हात जुळवत बसायचं, एवढी ऐपत होती कुणाची! त्यापेक्षा खरी पियानोवालीच घ्यावी, तिच्या पियानोसकट आणि तिच्या घरासकट, असा त्यानं साधा विचार केला. आणि शास्त्रीय पियानो म्हटलं की शहरात ताईशिवाय दुसरं नाव नव्हतं.

तर दिग्दर्शकानं पुढच्या खोलीत बसून गोष्ट सांगितली, चहा प्याला, पुन्हा तीच गोष्ट सांगितली, आणि जायला म्हणून उठला. वळतो तर काय, पियानोच्या डाव्या अंगाला खुर्चीवर एक बाई बसलेली! असा ओरडला, की समोरच्या घरातून कुणीतरी खिडकी उघडून बघितलं.

"अहो, तुम्ही... तुम्ही कधी आलात?"

"मी इथेच होते," धाकटी म्हणाली. "चहा मीच नाही का दिला तुम्हाला?"

दिग्दर्शक मटकन खाली बसला. कपाळावरचा घाम पुसला. मग हळूहळू त्याचे डोळे लकाकायला लागले. "मावशी," तो म्हणाला, "सिनेमात काम कराल?"

धाकटी म्हणजे ताईची बहीण. पन्नाशी कधीच मागे पडली होती, केस पिकले होते, तरी अख्खं जग तिला धाकटीच म्हणायचं. लहानपणी बाबांनी ताईला पियानोवर बसवलं. धाकटीची पाळी आली तेव्हा स्टूल एकच होतं आणि ताई त्यावरून उठायला तयार नव्हती. बाबा म्हणाले, "तू ताईची पानं उलट." झालं! बाबा गेले, स्टुलाची गादी फाटून नवी आली, पण धाकटी पानंच उलटत राहिली.

आणि पानं उलटणं म्हणजे काही पोरखेळ नाही बरं का. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात अडकलेले, समोरचं नोटेशन संपत आलेलं. आपण डावीकडे बसायचं. शेवटची ओळ आली की आवाज न करता उठायचं, डाव्या हातानं पानाचा वरचा कोपरा धरायचा, आपला दंड कागदाच्या आड येऊ द्यायचा नाही, आणि वाजवणाऱ्यानं मान हलवली की फट् करून उलटायचं. आधी नाही, नंतर नाही. बांगड्या घालायच्या नाहीत, अत्तर लावायचं नाही, करकरणारी चप्पल नाही, रंगीत कपडा नाही. शिंक आली तर गिळायची. थोडक्यात, आहोत आणि नाही आहोत.

आता इतकी वर्षं रोज नसण्याचा सराव केल्यावर माणसाचं काय होणार? दुकानदार तिच्या डोक्यावरून मागच्या गिऱ्हाइकाला विचारायचा, "बोला, काय देऊ?" एकदा तर डॉक्टरांचा माणूस ती आत बाकावर बसलेली असताना दवाखान्याला कुलूप लावून जेवायला निघून गेला. आणि मान हलवण्याची सवय अशी मुरलेली, की घरी ताई पेपर वाचायची तीसुद्धा मान हलवत. धाकटी भाजी चिरता चिरता ओला हात पदराला पुसून पान उलटून जायची. बघणाऱ्याला वाटावं, या दोघींना काहीतरी झालंय.

तिला बघणारा एकच माणूस आयुष्यात भेटला, तो पियानोच्या तारा लावायला यायचा. तो म्हणाला होता, "ताई वाजवताना मला तुमचा श्वास ऐकू येतो." पुढे त्यानं सरळ लग्नाचं विचारलं. धाकटीनं एक अख्खी दुपार विचार केला आणि नाही म्हणाली. ताईची पानं कोण उलटणार? त्या माणसानं दुसऱ्या शहरात बिऱ्हाड हलवलं. तिनं ताईला यातलं काही सांगितलं नाही.

पण एक गोष्ट मात्र तिला मनापासून हवी होती. भिंतीवर ताईच्या कार्यक्रमांचे फोटो ओळीनं लावलेले. एकात धाकटीचं कोपर होतं, एकात अर्धी बाही, आणि एकात, फोटोवाल्याचा हात हलला असावा, तिचं नाक आलं होतं. ती रोज फडकं मारताना त्या नाकाची काच जरा जास्तच पुसायची. आपला चेहरा एकदा तरी, एकदाच, पूर्ण दिसावा. बस. मागणं एवढंच.

म्हणून दिग्दर्शक जेव्हा म्हणाला, "मावशी, शेवटी तुमचा चेहरा पडदाभर येणार, एवढा मोठा," तेव्हा धाकटीनं पुढचं काही ऐकलंच नाही. "करते," म्हणाली.

"भूत? तू?" ताई हसून हसून वाकली. "अगं, तुला घरातलं मांजर भीत नाही! दुधाच्या भांड्यात तुझ्यादेखत तोंड घालतं."

"मांजराला काय करायचंय! तुझा गळा दाबायचाय ना, तो मी दाबीन," धाकटी म्हणाली. ताईनं हसणं आवरतं घेतलं.

सिनेमाचं नाव होतं 'पियानोखालची बाई'. भूत पियानोखालून सरपटत बाहेर येणार, अशी मूळ योजना. पहिल्याच दिवशी धाकटी पियानोखाली गेली ती तिथेच राहिली. गुडघे आखडले. दिग्दर्शकानं एक हात धरला, त्याच्या मेहुण्यानं दुसरा, आणि दोघांनी मिळून भूत बाहेर ओढून काढलं. मग ठरलं, की भूत मागच्या दारातून चालत येईल. पण नाव काही बदललं नाही, कारण नावाचा फलक रंगवून झाला होता.

हा मेहुणा म्हणजे कॅमेरा, दिवे, वीज, धूर आणि वारा, सगळं खातं एकट्याच्या अंगावर. संध्याकाळी दोघांना लग्नांना जायचं असे, म्हणून भयाण रात्रीचं चित्रण भर दुपारी व्हायचं. खिडक्यांना घोंगड्या लावायच्या, स्वयंपाकघरात किटली उकळत ठेवून वाफ सोडायची, आणि मेहुण्यानं एका हातानं ट्यूबलाइटचं बटण खाली-वर केलं की वीज कडाडायची. धाकटीच्या तोंडाला डबाभर पावडर फासलेली, केस मोकळे. शेजारीण साखर मागायला आली ती दारातूनच परत गेली, आणि पुढे कित्येक दिवस तिनं साखर मागितली नाही. तेवढा एक फायदाच झाला म्हणायचा.

आता आला मुख्य प्रसंग. पियानोवाली एकटीच वाजवत बसलीय. भूत मागून येतं. पियानोच्या चकचकीत काळ्या झाकणात तिला भुताचा चेहरा दिसतो, ती किंचाळते, भूत गळा धरतं. कळायला अगदी सोपं.

"ॲक्शन!" दिग्दर्शक ओरडला.

ताई वाजवायला लागली. समोर नोटेशन. धाकटी वाफेतून सावकाश आली, अगदी अंगावर काटा येईल अशी. ताईच्या डाव्या खांद्यामागे उभी राहिली. दोन्ही हात गळ्याच्या दिशेनं उचलले. तेवढ्यात पानाची शेवटची ओळ आली, ताईनं मान हलवली, आणि भुतानं फट् करून पान उलटलं. उलटलं ते उलटलं, वर तळव्यानं नीट बसवलं आणि अदबीनं मागे सरकलं.

"कट! मावशी, काय करताय?"

"चुकून झालं हो. पुन्हा घ्या."

पुन्हा घेतलं. पुन्हा पान उलटलं. पुन्हा घेतलं. या वेळी धाकटीनं डावा हात उजव्या हातानं घट्ट धरून ठेवला होता. मान हलली, आणि उजव्या हातासकट डावा हात वर गेला.

"ती मान हलवते मग मी काय करू?" धाकटी कावली.

"मान हलवल्याशिवाय मला वाजवताच येत नाही!" ताई कडाडली. "तू भूत आहेस ना? मग भुतासारखी वाग! नोकरासारखी काय पानं उलटतेस?"

मेहुणा ट्यूबच्या बटणावर हात ठेवून हसत होता, त्यामुळे उगाचच विजा चमकत होत्या. दिग्दर्शकानं कपाळावर हात मारला. मग पुढे झाला आणि त्यानं पियानोवरचे कागदच उचलले. "मूळच नको! मॅडम, कागदाशिवाय वाजवा."

ताईचा चेहरा एकदम उतरला. "नाही. मला कागद लागतो."

"तिला खरंच लागतो हो," धाकटी पावडरीतून कळवळून म्हणाली. आत्ताचं भांडण ती क्षणात विसरली. "लहानपणापासून लागतो. पाठ नाही येत तिला. चारचौघांत कशाला तिची फजिती करता?"

"दोनच ओळी वाजवा, पुढे किंचाळायचंच आहे. ॲक्शन!"

ताईनं एकदा डावीकडे बघितलं, तिथे खुर्ची नव्हती. मग डोळे मिटले आणि सुरू केलं.

दोन ओळी झाल्या. ताई थांबली नाही. पान संपलं, ती थांबली नाही. दुसरं पान सुरू झालं, ज्याच्या मधोमध बाबांनी अवघड म्हणून पेन्सिलीनं गोल काढला होता ती जागासुद्धा ताईनं बोट न अडखळता ओलांडली. धाकटी मागे उभी. तिच्या डोक्यात पानं आपोआप उलटत होती, इथे एक, इथे दुसरं, इथे मागे जायचं. हात मात्र नुसते लोंबत होते. तिसरं पान. चौथं. एक सूर इकडचा तिकडे नाही.

म्हणजे हिला सगळं येत होतं. कायमच येत होतं.

मग मी कशाला होते?

धाकटीच्या पोटातून जे काही वर आलं, ते दिग्दर्शकानं सांगितलेलं नव्हतं. ती पुढे झाली. झाकणात तिचा चेहरा ताईच्या चेहऱ्याशेजारी उगवला. ताईनं डोळे उघडले, तो चेहरा बघितला, आणि अशी किंचाळली, की मेहुण्याचा हात बटणावरून निसटला. पण कॅमेरा चालूच राहिला होता, देवाची कृपा.

"कट! कट! वा, मावशी! वा!" दिग्दर्शक नाचायचाच बाकी होता.

मावशी तिथे नव्हती. ती स्वयंपाकघरात जाऊन नळाखाली तोंड धरून उभी होती. ताई मागोमाग आली.

"कधीपासून येतं तुला?" धाकटीनं वळून न बघता विचारलं.

"बाबा होते तेव्हापासून."

"मग मला का बसवलंस तिथे? शोभेला? शोभेची तरी कुठे होते, दिसत तर नव्हते कुणाला!"

ताई म्हणाली, "माझा पहिला कार्यक्रम आठवतो? हात लाकूड झाले होते माझे. एक बोट हलेना. मी डावीकडे बघितलं तर तू. नाक गळतंय, आणि डोळे वटारून माझ्या मानेकडे बघत बसलीयस. मी मान हलवली. तू पान उलटलंस, तेही चुकीचं. आणि माझे हात सुटले. तेव्हापासून असंच आहे. कागदाकडे मी बघतही नाही गं. मान हलवते, तुझा हात येतो, आणि मला कळतं, की आपण एकटे नाही."

"हे सांगायला तोंड नव्हतं?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, भीतीच वाटते ना, होईल हळूहळू कमी. आणि गेली असतीस. तो तारा लावणारा विचारत होता तुला. मला माहीत होतं."

धाकटीनं नळ बंद केला. अर्धी पावडर तोंडावर तशीच. "तुला माहीत होतं," ती म्हणाली. "आणि मी त्याला नाही म्हटलं, का, तर ताईची पानं कोण उलटणार! पानं! तू मला अख्खं आयुष्य फसवलंस, ताई."

"हो," ताई म्हणाली.

त्यानंतर घरात बोलणं बंद झालं. सकाळी ताई पेपर उघडायची, वाचत वाचत मान हलवायची. कुणी यायचं नाही. मग स्वतःच उलटायची, तर पेपर फाटायचा. वर्षानुवर्षांत तिनं एक पान उलटलं नव्हतं, येणार कुठून!

धाकटीनं गुलाबी कापड आणून एक ड्रेस शिवून घेतला आणि हातभर काचेच्या बांगड्या भरल्या. दिवसभर घरात खळखळ खळखळ करत फिरायची. ताईनं एकदाही हूं की चूं केलं नाही.

यथावकाश सिनेमा लागला. थेटर लहान, खेळ दुपारचा. बाहेर फलकावर धाकटीचा चेहरा, वरपासून खालपर्यंत तोच, आणि कडेला काळ्या बाहीतलं एक कोपर. ते ताईचं. धाकटी त्या फलकासमोर बराच वेळ उभी राहिली. ताईनंही बघितलं आणि आत गेली.

सिनेमा कसा होता ते विचारू नका. लांबी कमी पडली म्हणून दिग्दर्शकानं फुकट गेलेली सगळी दृश्यंही कोंबली होती. भूत येतं, पान उलटतं, जातं. पुन्हा येतं, पान उलटतं, जातं. लोक पोट धरून हसले. पण असं होत होत हसू विरत गेलं. ही बाई येतच राहणार, असं वाटून एकेकजण गप्प झाला. आणि मग कागद नाहीसे झाले, झाकणात तो चेहरा आला, पडदाभर. थेटरात जी किंकाळी उठली म्हणता! पुढच्या रांगेतल्या एका धिप्पाड गृहस्थानं बायकोच्या मांडीवर उडी मारली.

धाकटी एकटीच घाबरली नाही. ती बघत होती. किती वर्षं हा चेहरा दिसावा म्हणून ती झुरली होती, आणि आता दिसला तर तो असा. यात भूतबीत काही नव्हतं, यात आपली गरज नव्हती हे नुकतंच कळलेली एक बाई होती. आणि तिच्याशेजारी झाकणातच दुसरा चेहरा होता, जो इतके दिवस तिच्या लक्षात आला नव्हता. ताईचा. ती किंचाळण्याच्या आधीचा. धाकटीला तो ओळखीचा वाटला. आता ही उठून जाणार, असं वाटून भेदरलेल्या लहान मुलीचा चेहरा होता तो.

महिना गेला नसेल, ताईचा कार्यक्रम आला. ताई कागदाशिवाय वाजवते हे आता सगळ्यांनी पडद्यावर बघितलेलं. आयोजकांनी नोटेशन ठेवायची घोडी काढून टाकली, डावीकडची खुर्चीही काढून टाकली. "तू येणार का?" ताईनं अबोला मोडून विचारलं. "येईन," धाकटी म्हणाली. "समोर बसेन. मलाही एकदा बघू दे तू कशी दिसतेस ते."

ती तिसऱ्या रांगेत बसली, गुलाबी ड्रेस, हातभर बांगड्या. ताई रंगमंचावर आली. टाळ्या झाल्या. ताई स्टुलावर बसली, हात उचलले आणि पट्ट्यांवर ठेवले.

आणि काहीच झालं नाही.

लोकांना वाटलं, एकाग्र होतेय. वाट बघितली. मग थोडी आणखी बघितली. कुणी खोकलं. धाकटीला तिच्या जागेवरून ताईची बोटं दिसत होती. लाकूड झाली होती. ताईनं सावकाश मान वळवून डावीकडे बघितलं, तिथे मोकळी जमीन होती.

बसू दे, धाकटी मनात म्हणाली. कळू दे जरा. आपल्यालाही नव्हतं का कुणी काही सांगितलं! आणि हे म्हणता म्हणता ती उठली होती. लोकांच्या पायांवर पाय देत रांगेतून बाहेर पडली, पायऱ्या चढून वर गेली. कुणीतरी ओरडलं, "अरे, भूत! भूत आलं!" आणि अख्ख्या सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला, ताईला झाला होता त्यापेक्षा मोठा. धाकटी आयुष्यात पहिल्यांदा लोकांकडे तोंड करून उभी राहिली, तीही क्षणभरच. पडद्यामागे एक खुर्ची होती, ती तिनं कर्रर्र आवाज करत ओढत आणली आणि पियानोच्या डाव्या अंगाला ठेवून बसली.

"सर्दी झालीय वाटतं," ताई ओठ न हलवता म्हणाली. कारण धाकटीचं नाक वाहत होतं.

"वाजव गप्प," धाकटी म्हणाली.

ताईनं मान हलवली.

समोर घोडी नव्हती, कागद नव्हता, काहीच नव्हतं. धाकटी उठली. डावा हात वर नेला, हवेतल्या हवेत कोपरा धरला आणि पान उलटलं. हातभर बांगड्या अशा खळखळल्या, की शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेल्या. ती खाली बसली, आणि ताईचे हात सुटले.